सतरा महिने बिझनेस चॅनेल पाहिलं, पैसे भरून त्याचं ॲपही वापरलं, आता अनुभव लिहितो

मे २०२४ पासून मी एक हिंदी बिझनेस चॅनेल रोज पाहून राहिलो आणि त्याचंच पेड ॲप वापरून राहिलो. नाव लिहीत नाही, कारण मधल्या काळात बाकीचे दोन-तीन चॅनेलही लावून पाहिले आणि थोड्याफार फरकाने सगळीकडे तेच दिसलं. ॲपचे वर्षाचे १,४९९ रुपये आहेत, ते मी दोनदा भरले, म्हणजे फुकटात पाहून शिव्या द्यायला आलो असं कोणी समजू नका. राळेगाव तालुक्यात माझं कृषी केंद्र आहे. काउंटरच्या मागच्या भिंतीवर टीव्ही आहे, सकाळी पावणेनऊला लावला की बाजार बंद होईपर्यंत चालूच असतो. युरिया घ्यायला आलेला माणूसही जाता जाता विचारतो, काय म्हणते मार्केट.

सुरुवात शेअरसाठी नव्हतीच, कापसासाठी होती. २०२१-२२ च्या हंगामात आमच्याकडे कापूस क्विंटलला दहा हजाराच्या वर गेला, काहींना बाराही भेटले. पुढच्या वर्षी तोच भाव परत येणार असं जिकडे तिकडे ऐकू येत होतं, म्हणून घरोघरी गंजी लावून ठेवल्या. आमच्याही घरी पुढची खोली छतापर्यंत भरलेली, लेकरांच्या अंगाला खाज सुटली, रात्री झोप नाही, आणि शेवटी पेरणी तोंडावर आली तेव्हा सात हजाराच्या आसपास विकून मोकळे झालो. तेव्हाच ठरवलं की आता कोणाच्या तोंडून ऐकायचं नाही, बातमी सरळ जिथून निघते तिथून घ्यायची. तीही कोणाच्या तोंडचीच असते हे कळायला मला वर्ष गेलं.

जे चांगलं आहे ते आधी सांगतो. दुपारी कमोडिटीचा अर्धा तास असतो तो खरंच कामाचा आहे. न्यूयॉर्कच्या वायद्यात कापूस किती सेंटवर आहे, रुपया किती पडला, सरकी आणि ढेप काय म्हणते हे एका जागी भेटतं, आणि गावात खेडा खरेदीवाला आला की त्याच्याशी बोलताना चार शब्द आपल्याकडेही असतात. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावर २० टक्के आयात शुल्क लावलं तेव्हा सोयाबीनवर त्याचा परिणाम काय होईल हे त्यांनी चांगलं समजावलं होतं, शुल्क लागलं तरी भाव लगेच हमीभावाला म्हणजे ४,८९२ ला भिडेल असं समजू नका हेही सांगितलं होतं, आणि ते तसंच झालं. ॲपमध्ये फक्त आवाज ऐकायची सोय आहे, आमच्याकडे नेट रडतखडत चालते तेव्हा तीच कामी येते. नोटिफिकेशन वेळेवर येतात. इथपर्यंत माझी तक्रार नाही.

तक्रार सुरू होते १ जून २०२४ च्या संध्याकाळपासून. शनिवार होता, लोकसभेचं मतदान संपलं आणि सगळ्या चॅनेलवर एक्झिट पोल सुरू झाले, सत्ताधारी आघाडीला साडेतीनशेच्या वर, कुठे चारशेपर्यंत. रविवारी आमच्या या चॅनेलवर दिवसभर स्पेशल कार्यक्रम, सोमवारी बाजार कुठे उघडेल, कोणते सरकारी शेअर पळतील, आणि एक पाहुणा तर थेट निफ्टीचा कोणता कॉल (म्हणजे ठरलेल्या मुदतीत बाजार वर जाईल अशी पैज, नाही गेला तर लावलेले पैसे बुडतात) घ्यायचा ते सांगून गेला. सोमवारी ३ जूनला सेन्सेक्स २,५०७ अंक वर गेला, अँकर लोकांचे चेहरे फुललेले. मंगळवारी मतमोजणीत आघाडी २९३ वर थांबली आणि सेन्सेक्स ४,३८९ अंक पडला.

माझा चुलतभाऊ, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान, त्याच्या खात्यात त्याच आठवड्यात ९० हजार पीककर्ज जमा झालं होतं. त्यातलं बरंचसं त्याने सोमवारी दुपारी कॉलमध्ये टाकलं. मंगळवारी जेवणाच्या वेळेपर्यंत काही राहिलं नाही. मला तेव्हा माहीत नव्हतं. आठ-दहा दिवसांनी पाऊस आला, दुकानात गर्दी, हा सगळे जाईपर्यंत कोपऱ्यातल्या पोत्यावर बसून राहिला आणि मग म्हणे, "दादा, सोयाबीनच्या चार बॅगा दे, पैसे दिवाळीले देतो." मी म्हटलं, तुले कर्ज भेटलं होतं ना? तो म्हणे, "भेटलं होतं." लय वेळ गप्प. मग म्हणे, "टीव्हीवर सांगून राहिले होते ना दादा, सगळेच सांगून राहिले होते." मी उधारीच्या वहीत त्याच्या नावावर चार बॅगा सोयाबीन अन् दोन डीएपी लिहिले आणि त्याच्याकडे पाहायची हिंमत झाली नाही, कारण तो कार्यक्रम त्याने माझ्याच दुकानात बसून पाहिला होता.

चूक त्याचीही आहे, ते मी त्याला तोंडावर सांगितलं, पीककर्जाचा पैसा असा लावायचाच नसतो. पण चॅनेलने काय केलं ते पाहा. ४ तारखेला दुपारी तोच अँकर हात जोडून सांगत होता की घाबरू नका, लाँग टर्म पाहा. अरे पण ज्याला तुमच्याच पडद्यावरून रविवारी कॉल घ्यायला सांगितला त्याची एक्स्पायरी, म्हणजे मुदत संपायचा दिवस, गुरुवारी होती, त्याने कोणती लाँग टर्म पाहायची? दुसऱ्या एका चॅनेलवर तर अंदाज चुकलेला एक्झिट पोलवाला कॅमेऱ्यासमोर रडला, त्याची निदान लाज तरी दिसली. इथे बुधवारी सकाळी तेच सूट, तेच टेबल, आणि 'आज क्या खरीदें'. रविवारी आपण काय बोललो होतो याचा एक शब्द नाही.

त्या दिवसापासून मी उधारीच्या वहीची मागची पानं उघडली आणि चॅनेलवर जे सांगतात ते लिहायला लागलो. तारीख, वेळ, कोण बोललं, भाव, टार्गेट, स्टॉप लॉस (भाव इथवर उतरला तर तोटा घेऊन विकून टाकायचं तो आकडा). एक पान जसंच्या तसं सांगतो. १४ ऑक्टोबर २०२४, सोमवार, सकाळी ९ वाजून ५ मिनिटं, एक स्मॉलकॅप म्हणजे छोट्या कंपनीचा शेअर, भाव २८४, टार्गेट ३४०, स्टॉप लॉस २७१, मुदत एक महिना. गुरुवारी भाव २६८. म्हणजे स्टॉप लॉस तुटला, ठीक आहे, चुकलं तर चुकलं, बाजार आहे. पण ॲपमध्ये 'आमच्या कॉल्सची कामगिरी' नावाचं एक पान आहे (इथे कॉल म्हणजे कोणता शेअर घ्यायचा तो सल्ला), त्यात मी रात्री पाहिलं तर हा शेअर यादीतच नाही. आदल्या दिवशी होता, मी स्क्रीनशॉट काढला होता. जिंकलेले सगळे हिरव्या रंगात 'टार्गेट अचिव्ह्ड' लिहून जागेवर, हरलेला गायब. नंतर मुद्दाम लक्ष ठेवून तपासलं तर असंच पुन्हा पुन्हा सापडलं. २७ सप्टेंबरला निफ्टी २६,२७७ ला जाऊन आली होती आणि तिथून मार्चपर्यंत बाजार खालीच येत गेला, त्या पाच महिन्यात माझ्या वहीची पानं लाल शाईने भरली आणि ॲपचं ते पान हिरवंच राहिलं. पैसे भरून घेतलेल्या वस्तूत हिशोबाचं पानच खोटं असेल तर बाकी सोयींचं काय करायचं?

आमचे बाबा एक दिवस दुकानात बसून हे सगळं ऐकत होते, ते म्हणाले, "आपन खोटं बेनं इकलं तं लोक दुकान फोडतीन, याईले कोन इचारते?" आणि मला तेच टोचलं. मी बियाण्याची एक बॅग विकतो तर त्यावर लॉट नंबर असतो, पक्कं बिल द्यावं लागतं, साठा रजिस्टर ठेवावं लागतं. २०२० च्या खरिपात किती ठिकाणी सोयाबीन उगवलंच नाही ते सगळ्यांना आठवत असेल, तेव्हा तालुक्याची समिती बांधावर आली, ओळीत किती रोपं उगवली ते मोजून पंचनामे केले. बियाणं मी बनवलं नव्हतं, तरी कास्तकार माझ्याच काउंटरवर आले, आणि ते बरोबरच होतं, मी विकलं होतं. त्या महिन्यात मी दुकान एक दिवसही बंद ठेवलं नाही. त्यांच्यासमोर उभं राहणं हाच धंद्याचा भाग आहे. टीव्हीवरून शेअर सांगणाऱ्याचा लॉट नंबर कुठे आहे? त्याच्या सल्ल्याचा पंचनामा कोण करतो?

कायदा अगदीच नाही असं नाही. शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीचे रिसर्च ॲनालिस्टचे, म्हणजे शेअरचा अभ्यास करून सल्ला देणाऱ्यांचे, नियम २०१४ पासून आहेत, नोंदणी असलेल्याचा नंबर आयएनएच या अक्षरांनी सुरू होतो, आणि ज्या शेअरवर रिपोर्ट दिला त्यात आधीचे ३० दिवस आणि नंतरचे ५ दिवस त्याला स्वतः व्यवहार करता येत नाही. तरी काय होतं ते फेब्रुवारी २०२४ च्या सेबीच्या आदेशात दिसलं. एका बिझनेस चॅनेलवर येणारे पाहुणे, कोणता शेअर सांगणार ते आधीच काही ट्रेडर लोकांना कळवत होते असं सेबीने अंतरिम आदेशात म्हटलं. ते आधी घेऊन ठेवायचे, कार्यक्रमात नाव आलं की तुमच्या-माझ्यासारखे धावायचे, भाव चढला की ते विकून बाहेर. १५ जणांवर कारवाई झाली, ७ कोटी ४१ लाख रुपये जप्त करायचा आदेश निघाला. त्याआधी जानेवारी २०२१ मध्ये तर एका अँकरवरच असाच आदेश आला होता, कार्यक्रमात सांगायच्या शेअरमध्ये घरच्यांच्या खात्यातून आधी खरेदी केल्याचा ठपका होता. ज्यांनी त्या कार्यक्रमांवर भरवसा ठेवून वरच्या भावात घेतलं त्यांच्यासमोर येऊन कोणी काही बोललं का? मी तरी पाहिलं नाही.

माझा भाचा पुण्याला शिकतो, त्याने मला अमेरिकेतली एक जुनी मुलाखत दाखवली, १२ मार्च २००९ ची. जिम क्रेमर म्हणून तिथल्या बिझनेस चॅनेलचा मोठा माणूस. मार्च २००८ मध्ये बेअर स्टर्न्स बँक ठीक आहे, पैसे काढू नका असं तो कार्यक्रमात ओरडून सांगत होता, आणि आठवडा व्हायच्या आत ती बँक शेअरमागे २ डॉलरने विकायचं ठरलं. आपण खात्यातल्या पैशाबद्दल बोललो होतो, शेअरबद्दल नाही, असं त्याचं म्हणणं, तेही नोंदवायला पाहिजे. पण वर्षभराने जॉन स्टुअर्ट नावाच्या विनोदी कार्यक्रमवाल्याने त्याला समोर बसवलं, त्याच्याच जुन्या क्लिप लावल्या आणि उत्तर मागितलं. मला भाषा अर्धीच कळली, भाचा सांगत गेला, पण त्या माणसाचा चेहरा कळला. आपल्याकडे असं समोर बसवून कोणी विचारलेलं मला एकदाही दिसलं नाही, एक चॅनेल दुसऱ्याला विचारत नाही आणि पाहणाऱ्याचा तर फोनच लागत नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये सेबीचा अभ्यास आला, तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शन (कॉलसारखे मुदतीचे सौदे) करणाऱ्या साध्या माणसांपैकी ९३ टक्के तोट्यात, एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर. चॅनेलने बातमी दाखवली, अँकर गंभीर झाला, आणि ब्रेकमध्ये ऑप्शन शिकवणाऱ्या कोर्सची जाहिरात लागली. मी काउंटरवर हातातला मोबाईल खाली ठेवला, एवढा राग आला. माझा चुलतभाऊ त्या ९३ सारखाच एक आहे. त्याच्या कर्जावर व्याज चढत होतं आणि इकडे त्याच्यासारखा पुढचा माणूस तयार करायची जाहिरात चालू होती.

आणि १९ ऑगस्ट २०२५. केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं, आधी सप्टेंबरपर्यंत, नंतर ती सूट डिसेंबरपर्यंत वाढवली. आमच्या वावरात तेव्हा पऱ्हाटी पात्या-फुलावर होती. चॅनेलवर दिवसभर टेक्सटाईल शेअर, कोणता घ्यायचा, कुठपर्यंत जाईल. ज्याचा कापूस दोन महिन्यांनी बाजारात येणार त्याचं काय होईल यावर एक मिनिट नाही. दुकानात सहा-सात कास्तकार उभे होते, एकाने विचारलं, हे चांगलं हाय का वाईट आपल्यासाठी? मी म्हटलं वाईट. तो म्हणे मग हे हसून काहून राहिले? मी टीव्ही बंद केला, दुकानाच्या वेळेत पहिल्यांदाच.

त्याच आठवड्यात तक्रार पाठवली. वहीच्या नऊ पानांचे फोटो, ॲपचे स्क्रीनशॉट, तारखा, वेळा, सगळं हिंदीत लिहून. २०२१ च्या केबल टीव्ही नियमांप्रमाणे चॅनेलने १५ दिवसात उत्तर द्यावं लागतं, हे बहुतेकांना माहीतच नाही म्हणून मुद्दाम सांगतो. अकराव्या दिवशी उत्तर आलं, दोन ओळी. दर्शकांनी आपल्या सल्लागाराला विचारूनच गुंतवणूक करावी, असं आम्ही पडद्यावर लिहितो. यादीतून गायब होणाऱ्या शेअरबद्दल एक अक्षर नाही. आणि तो सल्लागार, मी शोधला, आमच्या तालुक्यात नोंदणी असलेला एकही मला सापडला नाही. माणूस टीव्ही लावतो तो त्याच कारणाने ना.

सगळेच तसे आहेत असं मी म्हणणार नाही. त्या कमोडिटीच्या अर्ध्या तासात एक बाई यायच्या, त्यांनी एकदा सुरुवातीलाच सांगितलं की मागच्या महिन्यात तुरीबद्दल मी चुकीचा अंदाज दिला होता, कारण हे होतं. दीड मिनिट लागलं असेल. दुसऱ्यांदा १,४९९ भरले ते त्या दीड मिनिटासाठी. जानेवारीनंतर, का ते माहीत नाही, पण त्या कमी दिसायला लागल्या.

घ्यावं का असं कोणी विचारलं तर भाव पाहायला फुकटचं पुरतं, कॉलसाठी एक रुपया देऊ नका, आणि ऑप्शनवाला कार्यक्रम घरात तरणं पोरगं असेल तर लावूच नका. वर्गणी आपोआप पुढे कापली जाते, ते बंद करायचं बटण ॲपमध्ये नाही, वेबसाइटवर खात्यात जाऊन तिसऱ्या पानावर सापडतं. तक्रार करायची असेल तर कार्यक्रमाची तारीख आणि वेळ त्याच दिवशी लिहून ठेवा, नंतर क्लिप सापडत नाही.

माझी तक्रार आता चॅनेलवाल्यांच्या स्वनियमन संस्थेकडे दुसऱ्या पायरीवर पाठवली आहे, पोच आली. चुलतभावाने या दिवाळीत तूर-सोयाबीन मिळून अर्धी उधारी दिली, बाकीची मी मागितली नाही. वहीची मागची बाजू भरली, नवीन वही आणली आहे.