एआरटी केंद्राचा अनुभव : औषधाइतकीच महत्त्वाची त्याची वेळ

मच्छीमार नौकेवर खलाशी असलेले आमचे एक नातेवाईक ताप आणि खोकल्याने खंगत गेले, तेव्हा तपासणीत क्षयरोग आणि एचआयव्ही दोन्ही एकदमच निघाले. एका खासगी दवाखान्यात ‘आधी टीबीचा कोर्स पुरा होऊ द्या, मग एआरटीचे (एचआयव्हीला आवर घालणाऱ्या औषधांचे) बघू’ असे सांगण्यात आले. रत्नागिरी जिल्ह्यातील ज्या सरकारी रुग्णालयात त्यांना पुढे दाखल केले, तेथील एआरटी केंद्राने हा सल्ला तिथल्या तिथे खोडून काढला. औषध कधी सुरू करायचे हे तेथे संसर्ग पाहून ठरते आणि घरच्यांना नीट समजावून सांगितले जाते. मला हीच बाब सर्वांत मोलाची वाटली.

फुप्फुसाच्या क्षयरोगात टीबीच्या गोळ्या सुरू झाल्यापासून दोन आठवड्यांच्या आत एआरटी द्यायची, कारण सीडी-४ पेशी (रक्तातील प्रतिकारशक्तीच्या पेशी) फार कमी झालेला रुग्ण टीबीचा कोर्स संपेपर्यंत सहा महिने ताटकळला तर दुसराच एखादा संसर्ग त्याला गाठतो. मेंदूच्या आवरणाला क्षयरोगाची किंवा क्रिप्टोकॉकस या बुरशीची बाधा असेल, तर मात्र घाई जिवावर बेतू शकते. युगांडा आणि दक्षिण आफ्रिकेतील, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बुरशीजन्य मेंदूज्वराच्या ज्या रुग्णांना एक-दोन आठवड्यांतच एआरटी दिली, त्यांपैकी ४५ टक्के सहा महिन्यांत दगावले. सुमारे पाच आठवडे थांबलेल्यांत हे प्रमाण ३० टक्के होते. म्हणूनच आमच्या रुग्णाच्या डोकेदुखीची बारकाईने चौकशी झाली, रक्तात क्रिप्टोकॉकसची चाचणी झाली आणि मगच पहिली गोळी हाती पडली.

टीबीवरील रिफाम्पिसिनमुळे एचआयव्हीवरील डोल्युटेग्राविर या औषधाचे रक्तातील प्रमाण घटते, म्हणून रात्रीच्या टीएलडी गोळीखेरीज (डोल्युटेग्राविरसह तीन औषधांची एकत्र गोळी) बारा तासांनी डोल्युटेग्राविरची ५० मिलिग्रॅमची आणखी एक गोळी असते. समुपदेशक ताईंनी एका डबीवर पेनाने चंद्र आणि दुसरीवर सूर्य काढून दिला. प्रतिकारशक्ती सावरू लागली की कधी कधी गाठी सुजतात, ताप उलटतो, पण मनाने औषध बंद न करता लगेच दाखवायला यावे, हेही त्यांनी आधीच बजावले होते. पुढे मानेची गाठ खरोखरच सुजली, तेव्हा आमचा धीर सुटला नाही तो त्यामुळेच.

औषधे आणि तपासण्या मोफत आहेत, वागणूक आदराची आहे आणि नाव कोठेही मोठ्याने पुकारले जात नाही. उणीव एकच, पण मोठी : गावाजवळच्या लिंक केंद्रात (एआरटी केंद्राला जोडलेल्या, औषधे देणाऱ्या छोट्या केंद्रात) ती सकाळची जादा गोळी मिळत नाही, आणि अशक्त माणसाला तेवढ्यासाठी भर पावसात एसटीने जिल्ह्याच्या ठिकाणी यावे लागते. ती तेथे ठेवावी, असा लेखी अर्ज आम्ही दिला आहे.