सॅमन ट्यूब फ्लायचं किट: सुई झकास, केसांपाशी माशी शिंकली

सॅमन मासा पकडायची ट्यूब फ्लाय (फ्लाय म्हणजे केसा-पिसांचं खोटं आमिष) घरी बांधायचं हे किट. आधीच सांगून टाकतो, या किटमधे घेण्यासारखी वस्तू एकच आहे आणि ती म्हणजे सुई. बाकीचं सुटं घेतलं असतं तरी चाललं असतं. तीन महिने वापरतोय, पंचवीस-तीस फ्लाय बांधून झाल्या (त्यातल्या धड म्हणाव्यात अशा पंधराच), म्हणून आता लिहायला हरकत नाही.

ज्यांनी ट्यूब फ्लाय बघितलेलीच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नेहमीची फ्लाय गळावरच बांधतात, इथे गळ वेगळा. पोकळ नळीवर टिन्सेल (चमकदार पट्टी), केस, पिसं बांधायची, नळीतून लीडर (मासेमारीच्या दोरीच्या टोकाचा बारीक धागा) ओवायचा, टोकाला गळ बांधायचा आणि गळाचा डोळा मागच्या सिलिकॉनच्या तुकड्यात खुपसायचा, झालं. सॅमन लागला की फ्लाय लीडरवरून वर सरकते त्यामुळे दातांनी तिची चाळण होत नाही, आणि लांब दांड्याच्या गळाला तरफ मिळून तो निसटतो तसंही होत नाही. गळ बोथट झाला तर नुसता गळ बदला. नदीवर एकेरी गळाचाच नियम असेल तर ट्रेबल (तीन टोकांचा गळ) काढून सिंगल लावा, फ्लाय तीच. स्कॉटलंडमधल्या अॅबरडीनला १९४५ च्या सुमारास हे सुरू झालं असं मानतात, आणि तेव्हा नळी कसली, तर टर्कीच्या पिसाचा पोकळ दांडा!

आता सुई. व्हाइसच्या (फ्लाय बांधताना पकडून ठेवणाऱ्या शिकंज्याच्या) जबड्यात धरायचा एक दांडा आणि त्याला पुढे निमुळती होत जाणारी स्टीलची सुई, एवढंच आहे ते. पण ट्यूबवर बांधताना खरी कटकट असते नळी गोल फिरण्याची, तुम्ही थ्रेड ओढला की नळी पण थ्रेडबरोबर फिरते आणि वर बांधलेली विंग (केसांचा पंख) बघता बघता पोटाखाली जाते. आधी मी जुनी शिवणाची सुई जबड्यात धरून बांधायचो आणि दर दोन मिनिटांनी शिव्या घालायचो. ही निमुळती असल्यामुळे नळी हलकेच दाबून बसवली की घट्ट बसते, तीन मिमीची नळी असो की १.८ ची, अजिबात हलत नाही. पितळेची नळी मात्र थोडी सरकते, तिथे सुईवर आधी थ्रेडचे दोन-तीन वेढे घ्या आणि त्यावर नळी ढकला, काम होतं.

एक गाढवपणा मी केला तो तुम्ही करू नका. हेडवर (पुढच्या टोकाला थ्रेड संपवतात तिथे) सुपरग्लू जरा जास्त पडला, तो नळीच्या तोंडातून आत उतरला आणि फ्लाय सुईलाच चिकटून बसली. पकडीने ओढून काढली, फ्लाय गेली, सुई वाचली. आता सुईला आधी मेण चोळतो आणि हेडला साधं वार्निशच लावतो.

नळ्यांबद्दल तक्रार आहे. प्लास्टिकच्या चांगल्या आहेत, पुढचं टोक लायटरने वितळवलं की छान कड येते आणि थ्रेड पुढे घसरत नाही (सुई आत असतानाच ज्योत जवळ न्यायची नाहीतर भोक बुजतं, आणि केस मागे धरायचे, जळक्या केसांचा वास दोन दिवस जात नाही). पण पितळेच्या नळ्यांमधे प्लास्टिकचं अस्तर बरोब्बर नळीएवढंच कापलंय. अरे, ते दोन्ही बाजूंनी थोडं बाहेर यायला नको का? तेच वितळवून कड करायची असते, नाहीतर धातूची धार लीडरला घासत राहते आणि ऐन वेळी मासा लीडरसकट जातो. मी सगळी अस्तरं उपसली आणि १.८ ची नळी लांब कापून घातली. ज्याने हे पॅक केलंय त्याने स्वतः एक तरी फ्लाय बांधलीय का, शंका येते.

आणि केस. पाकिटावर आर्क्टिक फॉक्स (ध्रुवीय कोल्हा) लिहिलंय पण आत निघाली नुसती लव, लांब केस हाताच्या बोटावर मोजण्याइतके. लव थोडी हवीच, तिच्यामुळे विंगला उभारी येते, पण नुसत्या लवेची विंग भिजली की बोळा होतो. सॅमन नदीत शिरल्यावर खात नाही, तो चिडून किंवा सवयीने तोंड मारतो असं म्हणतात, म्हणजे फ्लायचं काम पाण्यात वळवळणं, आणि बोळा कसला वळवळतोय. जंगल कॉकची पिसं म्हणून जे दिलंय ते चक्क प्लास्टिकचं छापील. ते मला चालतं, कारण खरं पीस म्हणजे आपल्या सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याच्या मानेचं, त्याला कायद्याचं संरक्षण आहे आणि बाहेर पाळलेल्या पक्ष्यांची पिसं मिळतात ती महाग.

नवीन असाल तर किटच्या पत्रकातला पहिला नमुना सोडून द्या, त्यात शेपटाकडचा टॅग, अंगावर गुंडाळायची रिब, पिसांची दोन हॅकल, सगळं एकदम आहे. सरळ सनरे शॅडो या साध्या नमुन्यासारखं काहीतरी बांधा, प्लास्टिकची नळी, खाली थोडे पांढरे केस, वर नळीच्या दुप्पट-तिप्पट लांब काळे केस, बस. केस तुम्हाला वाटतील त्याच्या निम्मेच घ्या. मी पहिल्या पाच फ्लायना इतके बांधले होते की बादलीत ओढून बघितलं तर सगळ्या पोट वर करून पोहत होत्या. सहाव्या फ्लायच्या वेळी विंग निम्मी केली, सिंगल गळ खाली तोंड करून लावला, तेव्हा कुठे सरळ चालली.

सुईला पाचपैकी पाच, प्लास्टिक नळ्यांना चार, पितळेला दोन. केसांचं पाकीट अजून ड्रॉवरमधे पडलंय, कुणाला डबिंगसाठी (थ्रेडवर पिळून फ्लायचं अंग करायला) हवं असेल तर सांगा, त्याला ती लव मस्त चालेल.