परसबागेसाठी घेतलेलं ठिबक किट: नळ्या झकास, टायमर डोक्याला ताप

आधी निकाल सांगते, मग ज्यांना वेळ आहे त्यांनी पुढचं वाचा. घरामागच्या बागेसाठी डब्यात मिळतं ते तयार ठिबक किट घ्यायचा विचार असेल तर नळ्या, ड्रिपर (रोपाशी थेंब थेंब पाणी सोडणारी छोटी तोंडं), फिल्टर हे सगळं बिनधास्त घ्या, पण त्याच डब्यात जो बॅटरीवरचा टायमर येतो तो तुमचं पाणी छतावरच्या टाकीतून येत असेल तर अजिबात घेऊ नका. टायमरशिवायचं किट वेगळं मिळतं, ते घ्यायचं. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण बऱ्याच किटांमध्ये टायमर ह्याच प्रकारचा असतो.

उन्हाळ्याची सुरुवात म्हणजे आमच्याकडे सगळी कामं एकदम अंगावर येतात. टोमॅटोला काठ्या लावायच्या, बगलफुटवे खुडायचे, वाफ्यातलं तण लहान आहे तोवर खुरपून घ्यायचं, कोंबड्यांचं पाणी दिवसातून दोनदा बदलायचं, कंपोस्टचा ढीग वाळला तर कुजणं थांबतं म्हणून त्याच्यावरही पाणी मारायचं, आणि ह्या सगळ्याच्या आधी सकाळी तास-दीड तास हातात पाइप धरून झाडांना पाणी. घरात माणसं भरपूर, पण पाइप धरायची वेळ आली की प्रत्येकाला दुसरं काहीतरी महत्त्वाचं काम आठवतं. शेवटी आई नाहीतर मी. म्हणून किट मागवलं.

डब्यात 16 मिमीची काळी मुख्य नळी, 4 मिमीची बारीक नळी, तासाला 2 लिटरचे ड्रिपर, जाळीचा फिल्टर, नळ्या जोडायचे जॉइंटर (टी, एल्बो), टोक बंद करायची एंड कॅप, भोकं पाडायचा पंच आणि तो टायमर. नळीचा दर्जा चांगला आहे, जाड आहे, दुमडली तरी पुन्हा सरळ होते. काळी असते त्याला कारण आहे, प्लास्टिकमध्ये कार्बन ब्लॅक घातलेला असतो म्हणून उन्हाने लवकर तडकत नाही आणि आत उजेड जात नाही म्हणून शेवाळ धरत नाही. पारदर्शक नळी स्वस्त पडते म्हणून कोणी घेत असेल तर थांबवा त्यांना.

जोडणीबद्दल दोन गोष्टी, ज्या माहितीपत्रकात नाहीत. गुंडाळलेली नळी तशीच उलगडायला गेलात तर ती परत परत वेटोळं घेते आणि वाफ्यात सरळ बसत नाही, ती आधी थोडा वेळ उन्हात पसरून ठेवा, मऊ पडते मग ऐकते. आणि जॉइंटर आत जात नसेल तर जोर करून बोटं सोलून घेऊ नका, नळीचं टोक गरम पाण्यात बुडवा आणि लगेच दाबा, सहज बसतं आणि गार झालं की निघत नाही. पंच मात्र किटमधला अगदीच तकलादू, दादाने तो बाजूला ठेवून चांगला पंच आणला आणि मग काम भराभर झालं. भोक तिरकं पडलं तर तिथून कायम गळतं, म्हणून पंच सरळ उभा धरायचा. फालतू पडलेली भोकं बुजवायला छोटे प्लग येतात.

आता टायमर. डब्यावर लिहिलंय दिवसातून इतक्या वेळा चालू, इतकी मिनिटं, पावसात बंद, वगैरे वगैरे, सगळं बरोबर आहे, पण आतला व्हॉल्व्ह सोलेनॉइडचा आहे. म्हणजे त्यात रबराचा पडदा असतो आणि तो पडदा उघडायला-बसायला पाण्याचाच दाब लागतो. नळाला दमदार प्रेशर असेल तिथे ठीक. टाकीच्या पाण्याचं गणित वेगळं आहे, 10 मीटर उंचीवरून पाणी आलं तर साधारण 1 बार (बार हे दाबाचं माप) दाब मिळतो, आपली टाकी बागेपासून तीन-साडेतीन मीटर उंच म्हणजे 0.3 च्या आसपास. एवढ्या दाबात आमचा पडदा उघडायचा कसाबसा, पण बंद व्हायची वेळ आली की नीट बसायचाच नाही, टायमरवर बंद दाखवतंय आणि पाणी बारीक चालूच. मिरचीच्या वाफ्यात सकाळी चिखल. कंपनीला फोन केला तर उत्तर काय, "मॅडम, टायमर व्यवस्थित आहे, तुमचा दाब कमी आहे." अहो, मग डब्यावर मोठ्या अक्षरात लिहा ना, की टाकीच्या पाण्यावर चालणार नाही! ते आहे, पण माहितीपत्रकाच्या मागच्या बाजूला, मुंगीच्या अक्षरात.

ह्याला पर्याय म्हणजे बॉल व्हॉल्व्हचा टायमर. त्यात छोटी मोटर आतला गोळा फिरवते, पाण्याच्या दाबाशी त्याला काही घेणंदेणं नाही, शून्य दाबावरही उघडतो आणि बंद होतो. उघडताना घर्र असा आवाज येतो आणि काही सेकंद लागतात, बस. विकत घेताना "सोलेनॉइड आहे की बॉल व्हॉल्व्ह" एवढं एकच विचारा, दुकानदार गोंधळला तर "टाकीवर चालतो का" विचारा. आम्ही तो वेगळा आणून लावलाय आणि तेव्हापासून टायमरकडे कोणी बघतही नाही.

दाबाचीच अजून एक भानगड. ड्रिपरवर 2 लिटर लिहिलंय ते साधारण 1 बारला. साध्या ड्रिपरला टाकीच्या दाबावर तेवढं पाणी पडत नाही, आमच्याकडे तासाला एक-सव्वा लिटरच पडतं, म्हणजे जवळजवळ दुप्पट वेळ चालवावं लागतं. अंदाज बांधू नका, मोजा. ड्रिपरखाली मापाचा कप ठेवा, 6 मिनिटं पाणी पडू द्या, जेवढं जमलं त्याची दहापट म्हणजे तासाचं पाणी. पहिल्या ड्रिपरचं आणि लाइनच्या अगदी शेवटच्याचं, दोन्ही मोजा, फार फरक असेल तर लाइन खूप लांब झालीये, मधून फाटा काढा. आणि ते महागातले दाब-नियंत्रित ड्रिपर (दाब कमी-जास्त झाला तरी सारखंच पाणी सोडणारे) टाकीवाल्यांनी घेऊ नयेत, त्यांना काम करायलाच बऱ्यापैकी दाब लागतो, उगाच पैसे वाया.

आईचा सुरुवातीला अजिबात विश्वास नव्हता. वरून बघितलं तर प्रत्येक रोपाजवळ तळहाताएवढा ओला डाग, बाकी सगळं कोरडं ठणठणीत. "ह्याने काय होणार, झाडं उपाशी मरतील." मग खुरपं घेऊन डागाच्या शेजारी उकरून दाखवलं, वर तळहाताएवढं दिसतं ते आत वीतभर खोल आणि वरच्यापेक्षा दुप्पट रुंद ओलं होतं, माती मुठीत घेतली तर गोळा होत होता. आमची माती काळी, चिकट, त्यामुळे ओल बाजूला पसरते. रेताड माती असेल तर पाणी सरळ खाली जातं, तिथे एका झाडाला दोन ड्रिपर लावा आणि थोडं थोडं पाणी जास्त वेळा द्या. ड्रिपर खोडाला चिकटवून ठेवू नका, चार बोटं लांब ठेवा, खोड सतत ओलं राहिलं की कुजतं.

फरक दिसला तो टोमॅटोत. आधी टोमॅटोच्या बुडाला काळा खड्डेदार डाग पडायचा आणि सगळे म्हणायचे कॅल्शियम कमी आहे, चुना टाका. मातीत कॅल्शियम असतंच बहुतेक वेळा, पण ते पाण्याबरोबर फळापर्यंत जातं, आणि एक दिवस कोरडं दोन दिवस चिखल असं चाललं की ते पोचत नाही. पाणी नियमित झाल्यावर नवीन फळं स्वच्छ यायला लागली. काकडीचा कडूपणाही कमी झालाय, तिलाही पाण्याचा ताण सोसत नाही.

पण एक सांगते, नुसतं ठिबक टाकून उपयोग अर्धाच. नळीवरून वाळलेल्या पाल्याचं चार बोटं जाड आच्छादन टाका, खोडाजवळ थोडी जागा सोडून. उघड्या मातीवर पडलेलं पाणी ऊन ओढून घेतं, पाल्याखाली ते टिकतं, तणही कमी उगवतं, म्हणजे खुरपणी वाचली. शिवाय नळी सावलीत राहते. उन्हात तापलेल्या नळीतलं पहिलं पाणी चांगलंच गरम असतं, कोवळ्या रोपांच्या मुळांशी ते नको, म्हणून टायमर पहाटेचाच लावा. ह्याचा एकच तोटा, पाल्याखाली ड्रिपर दिसत नाही त्यामुळे एखादा बंद पडला तर झाड मान टाकेपर्यंत कळत नाही. आठवड्यातून एकदा पाणी चालू असताना हात घालून चाचपायची सवय लावून घ्या.

देखभाल फारशी नाही पण जी आहे ती टाळून चालत नाही. फिल्टर उघडून जाळी ब्रशने धुवा, 120 मेशची, म्हणजे खूप बारीक भोकांची आहे, टाकीतली बारीक माती तिथेच अडकते. लाइनच्या टोकाची एंड कॅप काढून पाणी जोरात वाहू द्या, सुरुवातीला जे गढूळ येतं ते बघून आपण हे आधी का नाही केलं असं वाटतं. बोअरच्या पाण्यात क्षार असतील तर ड्रिपरच्या तोंडाशी पांढरं जमतं, ते ड्रिपर काढून व्हिनेगरमध्ये रात्रभर भिजत घाला, सकाळी धुवून परत लावा. नखाने किंवा सुईने टोकरू नका, भोक मोठं झालं की त्या ड्रिपरची वाट लागली.

आणि खारी. ह्याबद्दल कुठल्याच डब्यावर लिहिलेलं नसतं. कडक उन्हात त्यांना पाणी लागतं आणि नळीत पाणी आहे हे त्यांना बरोबर कळतं, बारीक नळ्या कुरतडून ठेवतात. आम्ही बागेच्या कोपऱ्यात एक पसरट भांडं पाण्याने भरून ठेवायला लागलो, तेव्हापासून कुरतडणं बरंच कमी झालंय, पूर्ण बंद नाही. त्यामुळे किट मागवतानाच 4 मिमीची नळी आणि तिचे जॉइंटर थोडे जास्तीचे मागवा, डब्यात अगदी मोजके येतात.