बोट आपण चालवायची की कप्तान घ्यायचा? नांदेडच्या दाजींसाठी केलेला हिशेब

नांदेडहून दाजींचा फोन आला. "पाव्हणं, ते बेटावर बोट भाड्यानं मिळती म्हणं, आपुनच चालवायची. कार घेतो तशी. खरं हाय का?" त्यांच्या लग्नाला येत्या मे महिन्यात 25 वर्षं होतील. दोन्ही घरची मिळून आठ माणसं. कुठल्याशा रीलमध्ये पांढऱ्या बोटीवर पाय सोडून शहाळं पिणारं कुटुंब त्यांनी पाहिलेलं. खरं आहे म्हटलं, पण कारसारखं नाही. गाडी बंद पडली तर कडेला लावून टायरवर बसता येतं. बोट बंद पडली की वाहायला लागते, आणि वारा खडकाकडं नेत असेल तर आधी नांगर टाकायचा, इंजिनाचं झाकण नंतर उघडायचं.

आम्ही हे एकदा केलंय, हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवर. मी लातूरचा, सोयाबीनची आडत. समुद्राशी संबंध मुंबईला गेल्यावर चौपाटीपुरता. बोट चालवणारा होता आमचा मेहुणा. तेव्हा जे कळलं ते दाजींना फोनवर तासभर सांगितलं, तेच इथं लिहितोय.

बेअरबोट म्हणजे काय मिळतं

बोट, चादरी, भांडी, गॅस आणि किनाऱ्यावर जायला इंजिनाची छोटी रबरी होडी, म्हणजे डिंगी. कप्तान, खलाशी, आचारी यातलं कुणी नाही. करारावर कप्तान म्हणून तुमच्यातल्या एकाचं नाव आणि सही. निर्णय त्याचे, चूक त्याची, अनामतही त्याच्याच क्रेडिट कार्डावर अडकते, आणि ती काही हजार डॉलर किंवा युरो असते. वरचे पैसे भरून ही जोखीम कमी करता येते, पण इंजिनाचा पाण्यातला पंखा, डिंगी किंवा खडकाला घासलेला तळ त्या सवलतीत येतो का, ते करारात शोधून वाचा. कंपनीचा माणूस "काळजी करू नका" म्हणाला म्हणून सही करू नका.

परवान्याची गोष्ट देशागणिक वेगळी. ग्रीस-क्रोएशियात परवाना लागतोच. कॅरिबियनमधल्या ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्सला कंपन्या सहसा परवान्यावर अडत नाहीत, अनुभवाची यादी मागतात: कुठली बोट, किती फुटी, कप्तान म्हणून किती दिवस, रात्रभर नांगरावर कितीदा राहिलात. नाथसागरात मच्छीमाराच्या होडीतून मारलेली चक्कर या यादीत धरत नाहीत. दाजींनी खरोखरच विचारलं होतं. गोव्याच्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत पॉवरबोट चालवण्याचे वर्ग चालतात. हात बसायला ते चांगले, पण ते कार्ड पुढं केलं की चाळीस फुटी बोटीची किल्ली मिळेल असं समजू नका. ब्रिटनच्या रॉयल यॉटिंग असोसिएशनचा 'डे स्किपर' हा जगभर ओळखला जाणारा अभ्यासक्रम आहे. मोटर बोटीसाठी प्रत्यक्ष पाण्यावरचे चार दिवस, आणि त्याआधीची थिअरी साधारण 40 तासांची.

इथंच आमची पहिली फजिती झाली. मेहुण्याकडं प्रमाणपत्र होतं, पण शिडाच्या बोटीचं. आम्ही घेतली होती मोटरची. कंपनीनं पहिल्या दिवशी त्यांचा कप्तान बसवला, त्याचे पैसे वेगळे. तेव्हा राग आला. संध्याकाळपर्यंत उतरला, कारण दोन इंजिनांची बोट धक्क्याला लावायची कशी, हे त्या माणसानं एकही पुस्तक न उघडता शिकवलं.

ते आपल्या माणसाला पटकन कळतं. कॅटामरान म्हणजे दोन तळांची बोट, प्रत्येक तळाला एक इंजिन, दोन्हींत चांगलं अंतर. सुकाणू सरळ ठेवायचं. एक इंजिन पुढं, दुसरं मागं, की बोट जागच्या जागी फिरते. बांधाशी औत वळवताना आतला बैल थोपवून बाहेरच्याला हाक देतात, अगदी तसं. माझ्या सासऱ्यांना हे मेहुण्याच्या आधी समजलं.

मोटर की शीड

दाजींना शिडाचा विचारच नको होता, आणि मला वाटतं ते बरोबर आहे. शीड शिकायला आठवडे लागतात, मोटर कॅटामरानला लागतात दिवस. पण शिडाला वारा फुकट असतो, मोटरला डिझेल लागतं, आणि ते भाड्यात नसतं.

ढोबळ आकडे देतो. चाळीस फुटांच्या आसपासची मोटर कॅटामरान 8 नॉटनं (ताशी सुमारे 15 किलोमीटर) निवांत चालवली तर दोन्ही इंजिनं मिळून तासाला 15 ते 20 लिटर खातात. तीच 17-18 नॉटनं पळवली तर 80 ते 100 लिटर. सेशेल्समध्ये माहे ते प्रास्लिन हे अंतर सुमारे 45 किलोमीटर. सावकाश गेलात तर तीन तास आणि पन्नास-साठ लिटर. पळवत गेलात तर दीड तासाच्या आत, पण शंभराच्या वर. बेट तेच, पोचल्यावरचा चहाही तोच. जनरेटर वेगळा, तासाला दोन-चार लिटर. रात्रभर एसी हवा असेल तर तेवढंच डिझेल आणि कानाशी घरघर. आम्ही दोन रात्री एसी लावला, नंतर झडपा उघड्या टाकून झोपलो.

एका तळाची चकचकीत मोटर यॉट फोटोत भारी दिसते. पण नांगरावर थांबली की लाटेवर डुलत राहते आणि म्हाताऱ्या माणसांची जेवणं जातात. कॅटामरान जवळजवळ सपाट उभी राहते. आईनं तिच्यावर ज्वारीची भाकरी थापली, यापेक्षा मोठा पुरावा मी देऊ शकत नाही. चालत्या बोटीत मात्र भाकरीचा नाद करू नका.

कप्तान घेतला तर काय जातं

पैसे जातात, रोजाप्रमाणं. जेवण त्याचं तुमच्याकडून. झोपायची जागा जाते, बोटीच्या नाकाशी त्याच्यासाठी कोनाड्यासारखी खोली असेल तर ठीक, नसेल तर तुमच्यातली एक केबिन. दाजींचा प्रश्न: "त्याला आपलं चालतं का खायला?" आमच्या पहिल्या दिवसाच्या कप्तानानं शेंगदाण्याची चटणी चमच्यानं खाल्ली.

आणि एकांत जातो, हे खरं. नवराबायकोच असतील तर तो मुद्दा मोठा. आठ जणांच्या घोळक्यात नववा माणूस दुसऱ्या दिवशी दिसेनासा होतो.

मिळते ती झोप. रात्री वारा फिरला आणि नांगर घसरायला लागला तर उठायचं कुणी, हा सगळ्या प्रकरणातला खरा प्रश्न आहे. तिसऱ्या रात्री आमचा नांगर घसरला. चूक आमचीच. पाणी सहा मीटर खोल, बोटीच्या नाकाची उंची दीडेक मीटर. दोन्हींची बेरीज साडेसात, तिच्या पाचपट, म्हणजे सुमारे 38 मीटर साखळी सोडायला हवी होती. मेहुण्यानं वीसच सोडली, कारण शेजारी दुसरी बोट होती आणि त्याला संकोच वाटला. पहाटे दोनला दोघं अंडरपँटवर डेकवर, बायका टॉर्च धरून, आणि शेजारच्या बोटीतला गोरा म्हातारा कॉफी पीत आमच्याकडं बघत उभा. काही मोडलं नाही. पण मेहुणा पुढच्या दोन रात्री नीट झोपला नाही, आणि सुट्टी त्याचीही होती.

म्हणून माझं मत सरळ आहे. घरात एकाही माणसानं अशा बोटीवर कप्तान म्हणून आठवडा काढलेला नसेल, तर बेअरबोट हा पर्याय बाजूला ठेवा. अनुभव असेल पण थोडा, तर पहिले दोन दिवस कप्तान घ्या, मग त्याला उतरवा. पुष्कळ कंपन्या हे करतात, फक्त बुकिंगच्या वेळीच सांगावं लागतं.

कुठं जायचं

ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्स हे मोटर बेअरबोटचं माहेर. बेटं एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात, सर फ्रान्सिस ड्रेक चॅनल दोन्हीकडून बऱ्यापैकी आडोशाचा, भरती-ओहोटीचा फरक फूटभर. नांगराऐवजी दोर अडकवायला मुरिंगचे बोये, म्हणजे तळाशी पक्के बांधलेले तरंगते गोळे, जागोजाग. शिकाऊ कप्तानाला याहून सोपं पाणी मिळणं कठीण. पण नांदेडहून तिथं पोचायला दोन दिवस जातात आणि अमेरिकेतून गेलात तर नुसत्या विमान बदलण्यासाठीही व्हिसा लागतो. आणखी एक: तिथं बंदरात शिरताना लाल खुणा उजव्या हाताला ठेवायच्या, आपल्याकडं आणि सेशेल्स-थायलंडला डाव्या हाताला. मेहुणा हे उलटं पाठ करून बसला होता.

फुकेट जवळचं आणि स्वस्त. फांग न्गाचा उपसागर चुनखडीच्या उभ्या कड्यांनी वेढलेला, पाणी शांत. पण भरती-ओहोटीत अडीच-तीन मीटरपर्यंत फरक पडतो आणि उपसागराचा उत्तरेकडचा भाग उथळ. संध्याकाळी जिथं तरंगत होतात तिथं सकाळी चिखलात बसाल. शिवाय तिथल्या मोटर यॉट बहुतेक कप्तानासकटच मिळतात. बेअरबोट हवी तर शिडाच्या कॅटामरान जास्त. हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल.

सेशेल्सला मुंबईहून थेट विमान, साडेचार तासांच्या आसपास. व्हिसा नाही, जाण्याआधी ऑनलाइन परवानगी काढायची. माहेहून प्रास्लिन, तिथून ला दीग हाकेच्या अंतरावर. क्युरियूजला महाकाय कासवं अंगणातल्या म्हशींसारखी फिरतात. प्रास्लिनला जगातलं सर्वांत मोठं बी असलेल्या ताडांचं जंगल आहे, ते बघायला बोट अर्धा दिवस सोडा. मोटर बोटी इथंही शिडाच्या मानानं कमी, म्हणून आधी धरून ठेवाव्या लागतात. अडचण एकच, माहे-प्रास्लिनचा उघडा पट्टा. मे ते सप्टेंबर आग्नेयेचा वारा असतो, तेव्हा त्या पट्ट्यात मोटर कॅटामरान आदळत जाते आणि पोटातलं वर येतं. वारे बदलतात ते एप्रिल आणि ऑक्टोबरचे महिने शांत.

तिन्हीकडं एक सारखं: रात्री बोट चालवायला कंपन्या मनाई करतात. प्रवाळ दिसायला ऊन डोक्यावर लागतं, म्हणून दुपारी तीन-साडेतीनला नांगर पडलेला बरा.

पाणी

हे सांगताना मला लाज वाटते. 2016 साली मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे लातूरला आली, दहा टाक्या, पाच लाख लिटर. तेव्हा भांड्याचं पाणी झाडाला आणि अंघोळीचं संडासला वापरणारे आम्ही. त्याच घरातल्या आठ जणांनी बोटीची सातशे लिटरची टाकी दोन दिवसांत संपवली. पोरं समुद्रातून वर आली की शॉवर, पुन्हा उडी, पुन्हा शॉवर. खारं पाणी गोडं करणारं यंत्र, वॉटरमेकर, बोटीवर आहे का, हे विचारा. असेल तर चालवायला जनरेटर लागतो, म्हणजे परत डिझेल.

दाजींचा फायनल हिशेब असा बसला: सेशेल्स, मोटर कॅटामरान, कप्तान पूर्ण आठवडा. महिन्यावर गाडी अडली. ऑक्टोबरात सोयाबीनची आवक, मी अडतीवरून हलू शकत नाही. मे उजाडला की दाजींच्या कृषी सेवा केंद्रात बियाण्याची गर्दी. राहिला एप्रिल. म्हणजे लग्नाचा वाढदिवस महिनाभर आधी साजरा करायचा. दाजी कचरत होते. मागून ताईचा आवाज आला, "तुमच्या घरच्यांनी लगीन दोनदा पुढं ढकललं व्हतं. एक महिना अलीकडं घ्या, मला चालतंय."