पकपीडिया: बुशार्डचा करार मी जिथे तपासून पाहिला

हॉकी संघाचा पैशाचा हिशेब समजून घ्यायचा असेल, तर 'पकपीडिया' ही वेबसाइट उघडा, असं मी कॅनडातल्या एडमंटनला नव्याने आलेल्या मराठी माणसाला आवर्जून सांगतो. इथे हॉकी म्हणजे बर्फावरची, चेंडूऐवजी रबरी चकतीने म्हणजे 'पक'ने खेळतात ती, आणि संघ म्हणजे ऑइलर्स. थंडी उणे तीसला गेली तरी लोकांचा विषय बदलत नाही. खेळाडूने किती गोल केले याची जेवढी चर्चा, तेवढीच त्याच्या कराराची. पहिल्या हिवाळ्यात मला हे बोलणं डोक्यावरून जायचं. आता मीच तावातावाने बोलतो, आणि त्याचं बरंचसं श्रेय या साइटला जातं.

मी पगारपत्रकं बनवणारा माणूस. सांगलीत असताना साखर कारखान्याच्या हिशेबात होतो, इथेही कामाचं स्वरूप तेच. त्यामुळे एनएचएलची, म्हणजे ऑइलर्स खेळतात त्या हॉकी लीगची, सॅलरी कॅप मला पटकन पटली. प्रत्येक संघाला खेळाडूंच्या पगारावर खर्चाची कमाल मर्यादा आहे. मालक कितीही गडगंज असो, मर्यादा सगळ्यांना सारखी. 2023-24 च्या हंगामात ती 83.5 मिलियन डॉलर होती, 2024-25 मध्ये 88 आणि 2025-26 मध्ये 95.5. एका बचावपटूला जास्त दिले, की ते दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्यातून जातात. म्हणून एखाद्या बचावपटूचा नवा करार चांगला की वाईट, हे त्याच्या एकट्याच्या आकड्यावरून ठरवता येत नाही. अख्खा संघ समोर मांडावा लागतो.

पकपीडिया नेमकं तेच करतं. संघाचं नाव निवडलं की एक लांबलचक तक्ता उघडतो. डावीकडे खेळाडूंची नावं, फॉरवर्ड, बचावपटू, गोलरक्षक अशी वेगवेगळी लावलेली. पुढे प्रत्येक हंगामाचा एक रकाना, त्यात त्या वर्षीचा कॅप हिट, म्हणजे मर्यादेत मोजला जाणारा त्याचा पगार. करार कधी संपतो, संपल्यावर खेळाडू पूर्ण मोकळा होतो की जुन्या संघाचा हक्क राहतो, त्याच्या मर्जीशिवाय त्याला दुसरीकडे पाठवता येतं की नाही, हे सगळं त्याच ओळीत. एकेक नाव वाचत बसू नका. बोट आडवं न्या, मग रकान्यातून उभं खाली आणा. कोणत्या उन्हाळ्यात किती जागा एकदम रिकाम्या होणार आहेत, ते दिसायला लागेल.

तक्त्याच्या खालचा भागही सोडू नका. ऑइलर्सच्या तिथे जॅक कॅम्पबेलचं नाव आहे. हा गोलरक्षक जुलै 2024 मध्ये पैसे देऊन करारातून मोकळा केला. तो आता या संघात नाही, तरी त्याचा भार 2029-30 पर्यंत हिशेबात राहणार. 2025-26 मध्ये 2.3 मिलियन, 2026-27 मध्ये 2.6, आणि नंतरची तीन वर्षं दीड-दीड. एवढ्यात तिसऱ्या जोडीतला एक चांगला बचावपटू येतो. टीव्हीवर सामना बघताना हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

आता मूळ विषय, ऑइलर्सचा बचावपटू एव्हन बुशार्ड.

30 जून 2025 ला ऑइलर्सने त्याच्याशी चार वर्षांचा करार केला, वर्षाला साडेदहा मिलियन. त्याच्या काही दिवस आधीच संघ लागोपाठ दुसऱ्या वर्षी स्टॅनली कपच्या, म्हणजे लीगच्या अजिंक्यपदाच्या, अंतिम फेरीत फ्लोरिडाकडून हरला होता, सगळं शहर दुखावलेलं होतं. माझा मेहुणा कॅल्गरीला असतो. त्याचा फोन आला, "दाजी, एवढे पैसे? हा माणूस आपल्याच गोलसमोर पक घालवतो की!" त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. बुशार्ड घाई करत नाही, आणि ती सवय कधीकधी अंगाशी येते. पण मे 2024 मध्ये व्हँकुव्हरविरुद्धच्या चौथ्या सामन्यात 39 सेकंद उरलेले असताना विजयी गोल कुणी केला? निळ्या रेषेजवळून उजव्या हाताचा त्याचा तो फटका सुटला, की स्टेडियममधल्या माणसाला आवाजावरूनच कळतं. त्या वर्षीच्या प्लेऑफमध्ये 25 सामन्यांत 32 गुण (गोल आणि गोलला केलेली मदत मिळून), पुढच्या वर्षी 22 सामन्यांत 23. बचावपटूसाठी हे फार मोठे आकडे आहेत.

मेहुण्याला मी फोनवर सांगत बसलो नाही. दोघांनीही आपापल्या घरी तोच तक्ता उघडला आणि आम्ही मागे गेलो.

सप्टेंबर 2023. बुशार्डचा पहिला करार संपलेला. त्या वर्षीच्या रकान्यात मॅकडेव्हिड 12.5, नर्स 9.25, ड्रायसायटल 8.5, हायमन 5.5, नुजंट-हॉपकिन्स 5.125, कॅम्पबेल 5. सहा माणसांत पावणेसेहेचाळीस मिलियनच्या वर गेले, आणि मर्यादा 83.5. उरलेल्या पैशांत बाकीचा सगळा संघ उभा करायचा. बुशार्डला तेव्हाच आठ वर्षांसाठी बांधून घ्यायला हवं होतं असं म्हणणारे पुष्कळ आहेत. मनातून मलाही तसंच वाटतं. पण तक्ता पाहिल्यावर कळतं की खिशात तेवढे पैसेच नव्हते. म्हणून दोन वर्षांचा करार झाला, वर्षाला 3.9 मिलियन, म्हणजे मर्यादेच्या पाच टक्क्यांहूनही कमी. त्या दोन वर्षांत त्याने आधी 82 आणि मग 67 गुण केले, संघ दोनदा अंतिम फेरीत गेला. एवढ्या कमी पैशांत असा बचावपटू मिळाला याचा मोबदला पुढे कधीतरी द्यावाच लागणार होता. साडेदहा हा तो मोबदला.

टक्केवारी काढली की हा आकडा तितका भीतीदायक राहत नाही. 95.5 मध्ये साडेदहा म्हणजे 11 टक्के. लीग आणि खेळाडूंच्या संघटनेने पुढच्या मर्यादा आधीच सांगून ठेवल्या, 2026-27 साठी 104 आणि 2027-28 साठी 113.5. त्या हिशेबाने हाच पगार आधी 10 टक्क्यांवर आणि मग सव्वानऊवर येतो. संघातला दुसरा बचावपटू डार्नेल नर्स याचा करार 2022-23 ला सुरू झाला तेव्हा त्याचे 9.25 मिलियन त्या वेळच्या 82.5 मध्ये 11 टक्क्यांच्या थोडे वरच होते. म्हणजे तेव्हा नर्सला जेवढा वाटा दिला, साधारण तेवढाच आता बुशार्डला दिला. दोघांतला कोण तेवढ्या वाट्याचा धनी आहे, हे सामने बघणाऱ्याला सांगायला नको.

माझी तक्रार बुशार्डच्या पगाराबद्दल नाहीच. त्याच्या बाजूच्या रकान्यांत जे झालं त्याबद्दल आहे, आणि ते मला अजून टोचतं.

ऑगस्ट 2024 मध्ये सेंट लुइस ब्लूजने फिलिप ब्रोबर्ग आणि डिलन हॉलोवे या ऑइलर्सच्या दोन तरुण खेळाडूंना ऑफर शीट दिली. याचा अर्थ असा की आपला हक्क असलेल्या खेळाडूला दुसरा संघ पगार देऊ करतो, आपण सात दिवसांत तेवढाच दिला तर तो आपला, नाहीतर त्या बदल्यात आपल्याला ड्राफ्टमधली, म्हणजे दरवर्षी संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यातली, निवड मिळते. ब्रोबर्गची ऑफर होती 4,580,917 डॉलरची. असा विचित्र आकडा का, तर दुसऱ्या फेरीच्या निवडीवर काम भागवायची वरची हद्द बरोबर तिथेच होती. एक डॉलर जास्त झाला असता तर सेंट लुइसला जास्त किंमत मोजावी लागली असती. किती पगाराला कोणती निवड द्यावी लागते याचं कोष्टक मी तेव्हा पकपीडियावरच पाहिलं, आणि समोरच्या संघाने किती नीट अभ्यास करून डाव टाकला ते लक्षात आलं. दोघांना ठेवायला 6.87 मिलियन लागले असते. जुलैमध्येच जेफ स्किनर आणि व्हिक्टर अर्विडसन या दोन फॉरवर्ड्सवर आपण 7 मिलियन लावले होते. ते दोघंही वर्षभरातच गेले. ब्रोबर्ग आणि हॉलोवेही गेले.

मग ब्रोबर्ग गेल्याने डावीकडच्या बचावात जागा पडली. मार्च 2025 मध्ये पहिल्या फेरीची निवड देऊन सॅन होजेकडून जेक वॉलमनला आणलं. आपल्या हातचा डावखुरा बचावपटू दुसऱ्या फेरीत गेला आणि दुसरा डावखुरा पहिल्या फेरीच्या किमतीत आला. ऑक्टोबर 2025 मध्ये वॉलमनला सात वर्षांची मुदतवाढ मिळाली, वर्षाला 7 मिलियन. बुशार्डचा जोडीदार मटियास एकहोम याला 4 मिलियनने तीन वर्षं. एकहोमचा करार मला मनापासून आवडला. 1990 सालचा माणूस, अनुभव दांडगा, त्याने कमी पैशांत राहायचं कबूल केलं. पण त्या महिन्यात 2026-27 च्या रकान्यात बचावाची बेरीज केली, तर बुशार्ड, नर्स, वॉलमन, एकहोम मिळून 30.75 मिलियन. चार माणसांत जवळजवळ तीस टक्के. वॉलमनचा करार 2032-33 पर्यंत चालणार आहे. ब्रोबर्ग वाचवला असता तर हा रकाना वेगळा दिसला असता, असं मी मेहुण्याला म्हणालो, आणि त्यावर त्याने वाद घातला नाही.

साइटवर 'पकजीएम' नावाचं साधनही आहे. त्यात आपण संघाचे व्यवस्थापक होऊन खेळाडू हलवायचे, नवे करार लिहायचे, आणि मर्यादा ओलांडते का ते बघायचं. माझ्या मुलाला याचं फार वेड. व्याजाची गणितं टाळणारा पोरगा इथे दशांशात बेरीज करतो.

ज्याला खेळच नवा आहे, त्याने थेट इथे येऊ नये. आधी सामने बघा. 'हॉकी नाइट पंजाबी'चं समालोचन ऐकलंत तर आपल्याला खेळ लवकर उमगतो. शब्द निम्मे कळतात, जोश पूर्ण कळतो. तक्त्यातून पगार कळतो, मुदत कळते, पण बुशार्ड दबावाखाली पक कसा पुढे काढतो ते कळत नाही. आणि मोबाइलवर एवढा रुंद तक्ता बघणं डोळ्यांना त्रास आहे, शक्य असेल तर लॅपटॉप घ्या.

अशा साइट टिकतील याची खात्री नसते, हेही सांगायला हवं. 'कॅपगीक' ही अशीच आधीची साइट चालवणारे मॅथ्यू वुस्ट आजारी पडले आणि जानेवारी 2015 मध्ये ती साइट बंद झाली. त्याच वर्षी मार्चमध्ये ते गेले. एकट्या माणसाने लाखो चाहत्यांना हा हिशेब वाचायला शिकवला, त्यांचं नाव विसरू नये. पुढे 'कॅपफ्रेंडली' आली, ती वॉशिंग्टन कॅपिटल्सने विकत घेतली आणि जुलै 2024 मध्ये लोकांसाठी बंद झाली. ब्रोबर्गची ऑफर शीट त्यानंतर साधारण महिन्याभराने आली. पकपीडिया नसतं तर आम्ही चाहते तेव्हा नुसते बातम्यांवर अवलंबून राहिलो असतो. करारांची माहिती इथे पैसे न देता बघता येते, आणि ती तशीच राहावी असं मला फार वाटतं.

माझी नजर आता 2028 आणि 2029 च्या उन्हाळ्यांवर आहे. मॅकडेव्हिडचा दोन वर्षांचा, साडेबारा मिलियनचा करार 2028 मध्ये संपतो. बुशार्ड 2029 मध्ये मोकळा होतो, तेव्हा तो 29 वर्षांचा असेल, आणि 1 जुलै 2028 पासून त्याला मुदतवाढ देता येईल. नव्या नियमांनुसार आपल्याच खेळाडूलाही सात वर्षांपेक्षा जास्त देता येणार नाही. माझ्या मते त्या पहिल्याच आठवड्यात सातची सात वर्षं द्यावीत, आणि त्यासाठी आतापासून एकाही तिशी ओलांडलेल्या फॉरवर्डला 2028 च्या पुढचा करार देऊ नये.