वणव्यानंतरचा पाऊस: घर कोणत्या अंदाजावर सोडायचं?

घर वाचलं, पण वरचा डोंगर जळाला. जानेवारी 2025च्या ईटन आणि पॅलिसेड्स वणव्यांनंतर लॉस एंजेलिसच्या डोंगरपायथ्याला अनेकांची हीच स्थिती होती. पुढचा धोका पावसाचा, म्हणजे जळालेल्या उतारावरून येणाऱ्या दगड-चिखलाच्या लोंढ्याचा, ज्याला तिथे 'डेब्रिस फ्लो' म्हणतात. त्याचे अंदाज तीन प्रकारचे मिळतात आणि तिन्ही वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात.

आधी आपल्या मराठी मनातली एक सवय बाजूला ठेवावी लागेल. माळीण, तळिये, इर्शाळवाडी आठवली की डोळ्यांसमोर मुसळधार पाऊस आणि पाणी पिऊन सुटलेला डोंगर येतो. म्हणून आपण 'चोवीस तासांत किती मिलिमीटर?' असं विचारतो. वणव्यानंतर हा प्रश्न फसवतो. झाडी आणि पालापाचोळा जळून गेलेला असतो, मातीचा वरचा थर बऱ्याचदा पाणी झिडकारतो. पाणी मुरतच नाही. ते राख, माती, दगड ओढत थेट ओढ्यात उतरतं. त्यासाठी दिवसभर पाऊस लागत नाही, पंधरा मिनिटांची जोरदार सर पुरते.

पहिला अंदाज पावसाच्या मर्यादेचा. अमेरिकेची भूगर्भ सर्वेक्षण संस्था यूएसजीएस आणि तिथली हवामान सेवा यांनी 2005 मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियात याची इशारा यंत्रणा सुरू केली. ताज्या जळालेल्या डोंगरावर ताशी साधारण 10 मिमीपेक्षा जास्त तीव्रतेचा पाऊस धोक्याचा, असा तिथला ढोबळ हिशेब आहे. आपल्या कोकणात एवढ्या पावसाला कुणी छत्रीही उघडणार नाही! ही पद्धत 'केव्हा' ते सांगते. कोणता ओढा फुटेल ते मात्र सांगत नाही, आणि पर्जन्यमापकाचा आकडा मर्यादा ओलांडेपर्यंत पळायची वेळ निघून गेलेली असते. म्हणून निर्णय पावसाच्या अंदाजावरच घ्यायचा, पाऊस मोजून नाही.

दुसरा, शक्यतेचा नकाशा. मोठ्या वणव्यानंतर यूएसजीएस पाणलोटागणिक पिवळ्यापासून लाल रंगापर्यंत शक्यता दाखवते. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या मॉडेलमध्ये 23 अंश किंवा त्याहून तीव्र उताराचा किती भाग मध्यम ते जास्त जळाला, उपग्रहाला वनस्पतींची किती हानी दिसली, माती किती सहज धुपते आणि पंधरा मिनिटांत किती पाऊस पडेल, हे सगळं एकत्र येतं. सोबत लोंढ्याच्या घनफळाचाही अंदाज असतो. नकाशा बहुधा ताशी 24 मिमी तीव्रतेसाठी रंगवलेला असतो, म्हणजे पंधरा मिनिटांत फक्त 6 मिमी.

मला सर्वांत जास्त काळजी याच नकाशाची वाटते, कारण लोक त्यात आपलं घर शोधतात. घर रंगाच्या बाहेर दिसलं की निर्धास्त होतात. पण तो रंग लोंढा कुठे जन्मेल ते सांगतो. तो कुठपर्यंत येईल, हा प्रश्नच त्याला विचारलेला नाही.

ते उत्तर तिसरा प्रकार देतो: रॅम्स, फ्लो-टूडी, डी-क्लॉ यांसारखी प्रवाहाची गणितं. दगड-चिखल किती लांब पसरेल, किती खोल असेल, याचा नकाशा त्यांतून निघतो. अडचण अशी की त्यासाठी लोंढ्याच्या घनफळाचा आकडा आधी हाती असावा लागतो, आणि तो चुकला तर मॉडेल कितीही चांगलं असो, नकाशा चुकतो.

हा फरक किती महाग पडतो ते कॅलिफोर्नियातल्या माँटेसिटो गावाने दाखवलं. डिसेंबर 2017 मध्ये थॉमस वणव्याने गावावरचा डोंगर जाळला. 9 जानेवारी 2018च्या पहाटे एका अरुंद पर्जन्यपट्ट्याने पाच मिनिटांत जवळपास 14 मिमी पाऊस ओतला. सुमारे 6 लाख 80 हजार घनमीटर राडा खाली आला, 23 माणसं गेली, 400हून जास्त घरांचं नुकसान झालं. पाऊस येणार हे माहीत होतं, इशारेही दिलेले होते. पण सक्तीने घरं सोडायची हद्द महामार्ग 192च्या वरच्या बाजूला आखली होती आणि मृतांपैकी बहुतेक त्या रेषेखाली, घर सोडणं ऐच्छिक असलेल्या भागात होते. ओढे रस्ता ओलांडून सरळ खाली गेले.

म्हणून माझं मत असं. आधीच तिथे राहत असाल तर पहिल्या दोन पावसाळी हंगामांत मर्यादेच्या इशाऱ्यावर घर सोडा, रंगांच्या नकाशावर नाही. तिथला पाऊस हिवाळ्यात येतो आणि रात्री आला तर अंधारात ओढा दिसत नाही, तेव्हा संध्याकाळीच निघा. वरच्या पाणलोटाचा रंग लाल असेल तर इशाऱ्याची पातळी सौम्य असली तरी थांबू नका. घर विकत घेत असाल तर मात्र तिसऱ्या प्रकारचा नकाशा मागा. तो मिळाला नाही तर ओढ्याच्या तोंडाशी पंख्यासारखी पसरलेली जमीन आणि अंगणातले मोठे गोटे बघा. ते तिथे वाहूनच आलेले असतात.