क्लासच्या व्हिडिओ सर्व्हरला हार्ड डिस्क की एसएसडी? वर्षभराच्या वापरानंतर

सांगलीत विश्रामबागेत आमचा क्लास आहे. अकरावी-बारावीच्या तासांचं रेकॉर्डिंग मुलं अभ्यासिकेत आणि वसतिगृहात वायफायवर बघतात. त्यासाठी गेल्या जूनमध्ये स्वतःचा सर्व्हर बसवला: ८ टीबीच्या दोन हार्ड डिस्क मिररिंगमध्ये (दोन्हींवर तोच डेटा), १ टीबीची साटा एसएसडी (फिरते भाग नसलेली चिपवरची डिस्क), ३२ जीबी रॅम. सराव परीक्षांची गर्दीही आता बघून झाली.

‘एनव्हीएमईच (साटापेक्षा कितीतरी वेगवान एसएसडी) घ्या’ असं दुकानदारापासून मेहुण्यापर्यंत सगळ्यांनी सांगितलं होतं. पण आमचं नेटवर्क १ गिगाबिटचं, म्हणजे सेकंदाला फार तर १२५ एमबी. ३,५०० एमबी देणारी एनव्हीएमई लावून बाकीचा वेग ठेवायचा कुठे?

हार्ड डिस्कची खरी अडचण वेगळी. एक मोठी फाइल ती सलग झपाट्याने वाचते. पण प्रत्येक मुलगा वेगळा तास बघायला लागला की तिचं हेड, म्हणजे वाचणारी सुई, शिपायासारखं या कपाटातून त्या कपाटात धावतं, आणि प्रत्येक फेरीला साधारण १०-१२ मिलिसेकंद जातात. सर्व्हर व्हिडिओ तुकड्यातुकड्यांनी पाठवतो आणि प्रत्येक तुकड्याला एक फेरी लागते. त्यामुळे व्हिडिओचे तुकडे केवढे करता यावर सगळं अवलंबून. ५ एमबीपीएसच्या (सेकंदाला ५ मेगाबिट; ८ बिट म्हणजे १ बाइट) १०८०पी म्हणजे फुल एचडी व्हिडिओचा ६ सेकंदांचा तुकडा पावणेचार एमबीचा होतो. शोधून वाचायला ३० मिलिसेकंद धरले तर एकटी डिस्क दोनशेच्या आसपास प्रेक्षक सांभाळते. गिगाबिट लाइनही तिथेच संपते! तेच तुकडे २ सेकंदांचे केले की हिशोब सव्वाशेच्याही खाली येतो. थेट प्रक्षेपण नसेल तर ६ सेकंदच ठेवा.

आणि प्रत्यक्षात एवढी वेळ येतच नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री निम्मी पोरं एकच प्रकरण उघडून बसतात. तासाभराचं लेक्चर तीन दर्जांत मिळून ३.८ जीबी. एकदा वाचलं की ते रॅममध्येच राहतं, डिस्क निवांत. म्हणून पैसे उरले तर आधी रॅम वाढवा.

एसएसडीवर फक्त नवीन रेकॉर्डिंग आणि एन्कोडिंगची (रेकॉर्डिंग वेगवेगळ्या दर्जांत बदलण्याची) कच्ची कामं. तयार फाइल रात्री हार्ड डिस्कवर जाते.

हार्ड डिस्क घेताना सीएमआर (डेटाचे पट्टे शेजारी-शेजारी लिहिणारी) आहे का ते मॉडेल नंबरवरून बघाच. एसएमआर (पट्टे एकमेकांवर थोडे चढवून लिहिणारी) प्रकारची डिस्क वाचायला ठीक असते. मात्र मिररमधली एक डिस्क बदलून नवीवर सगळा डेटा पुन्हा लिहायची वेळ आली की संथपणाने रडवते. दुकानात हे कुणी आपणहून सांगत नाही.

तक्रार आवाजाची. डिस्क रात्री कुरकुरतात, शेजारच्या खोलीतले सर वैतागलेत.

मिरर म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून जाते. २०१९ चा महापूर पाहिलेल्याला तळमजला सुचत नाही, म्हणून सर्व्हर दुसऱ्या मजल्यावर आणि बॅकअपची तिसरी डिस्क दुष्काळी जतला मेहुण्याकडे. तिथे पाणी टँकरनेच येतं. एनव्हीएमईचा आग्रह धरणारा मेहुणा तोच. महिन्यातून एकदा आला की डिस्क घेऊन येतो, आम्ही नवे तास भरून परत देतो.